गोळी बंद करू का, केस करू का?

चाळीसगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"आई 58 वर्षांची आहे. सात वर्षांपूर्वी तिला कानात आवाज यायचे, शेजारी करणी करतात असं वाटायचं. खासगी मानसोपचार रुग्णालयात नऊ दिवस ठेवलं. रिस्पेरिडोन 4 मिलीग्रॅम आणि ट्रायहेक्सिफेनिडिल 2 मिलीग्रॅम सुरू झाल्या. आवाज गेले, ती पुन्हा शेतात जायला लागली. तीन वर्षं दर दोन महिन्यांनी दाखवायला नेलं. नंतरची चार वर्षं जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणतोय. वर्षभरापूर्वी गावातल्या डॉक्टरांनी गॅससाठी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल दिली, तीही चालू आहे. गेल्या दिवाळीपासून आईची जीभ आत-बाहेर होते, जबडा चघळल्यासारखा हलतो. बाया विचारतात, 'तोंडमा काय शे वो माय?' तोंडात काहीच नसतं. तीन महिन्यांपूर्वी शुगर निघाली. मामा म्हणतात, गोळ्या आजच बंद करा. चुलतभाऊ म्हणतो, अमेरिकेत या गोळीच्या कंपनीनं करोडो रुपये भरले, आपणही केस करू. आणि मे महिन्यात घरात लग्न आहे, आईला न्यावं का?"

भाऊ, आधी मामांना उत्तर. रिस्पेरिडोन आज बंद करू नका. मामांची काळजी खरी आहे, पण हा उपाय उलटा पडतो. जीभ-जबड्याच्या या हालचालीला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुमचं वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळतं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा मार्ग अडवतात. वर्षानुवर्षं मार्ग अडवला की मेंदूच्या पेशी जास्त हळव्या होतात, आणि मग थोड्याशा डोपामिननंही हालचाल आपोआप सुरू होते. अशा वेळी गोळी एकदम काढली तर अडवणूक उठते आणि हालचाल काही आठवडे वाढते. शिवाय सात वर्षांपूर्वीचे आवाज परत येण्याची भीती आहे, आणि आजार उलटला तर बऱ्याचदा पूर्वीपेक्षा जास्त डोस लागतो. ट्रायहेक्सिफेनिडिलचंही तसंच. ती झटक्यात बंद केली तर मळमळ, घाम, झोप उडणं, अस्वस्थपणा होतो.

उलटी चूकही होते. कोणी डोस वाढवून दिला तर हालचाल काही काळ कमी दिसते आणि सगळ्यांना वाटतं बरं झालं. ते फक्त झाकलेलं असतं.

आता गॅसची कॅप्सूल. तिची स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. रॅबेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड 75 मिलीग्रॅम असं लिहिलेलं असेल, तर तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच. लेव्होसल्पिराइड पोटासाठी दिलं जात असलं तरी ते रिस्पेरिडोनसारखंच डोपामिन अडवतं. म्हणजे आईला वर्षभर एकाच जातीची दोन औषधं चालू होती, आणि हालचाल सुरू झाली ती कॅप्सूल सुरू झाल्यानंतर. एकटं लेव्होसल्पिराइडही म्हाताऱ्या माणसांत कंप आणि अशा हालचाली घडवतं. आपल्याकडे ही कॅप्सूल ॲसिडिटीवर सर्रास लिहिली जाते आणि कोणी मागचं नाव वाचत नाही. ही मात्र थांबवायला वेळ लावू नका. गावातल्या डॉक्टरांना स्ट्रिप दाखवा आणि लेव्होसल्पिराइड नसलेली साधी ॲसिडिटीची गोळी लिहून मागा. उलटीवरच्या मेटोक्लोप्रॅमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन या औषधांपासूनही आईला लांब ठेवा. 'टेन्शनची गोळी' म्हणून मिळणाऱ्या एका जोडगोळीत फ्लुपेन्टिक्झॉल असतं, तेही याच घरचं. एका कागदावर 'ही औषधं देऊ नयेत' असं लिहून तो आईच्या फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवा.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याआधी एक व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर माणूस सावध होतो आणि हालचाल काही मिनिटं दबते, म्हणून घरचा व्हिडिओ डॉक्टरांनाही उपयोगी पडतो. आईला हात नसलेल्या खुर्चीवर बसवा, चपला काढायला सांगा, तोंडात सुपारी, तंबाखू, मिश्री काही नाही हे बघा. कवळी असेल तर ती सैल आहे का तेही विचारा. सैल कवळीनंही जबडा हलतो, आणि ही शंका दाताच्या डॉक्टरकडे एका भेटीत मिटते. मग हात गुडघ्यांवर, पाय जमिनीवर टेकवून एक मिनिट नुसतं बसवा. हात दोन गुडघ्यांच्या मध्ये लोंबते सोडायला सांगा. तोंड दोनदा उघडायला, जीभ दोनदा बाहेर काढायला सांगा. नंतर एका हाताचा अंगठा त्याच हाताच्या एकेका बोटाला दहा-पंधरा सेकंद भरभर लावायला सांगा, आधी उजवा, मग डावा. या वेळी कॅमेरा बोटांवर नको, चेहऱ्यावर ठेवा. लक्ष हाताकडे गेलं की तोंडाची हालचाल उघडी पडते. शेवटी उभं करून दोन्ही हात समोर धरायला लावा आणि चार पावलं चालवून वळवून आणा. सुरुवातीला तारीख मोठ्यानं म्हणा. मूळ फाईल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दबते, आणि पुढे पुरावा म्हणून द्यायची वेळ आली तर मूळ फोन, किंवा प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमातल्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच क्रमानं. झोपेत हालचाल थांबते का तेही बघून लिहा. या आजारात ती थांबते.

डॉक्टर यालाच आकडे देतात. एम्स (AIMS, दिल्लीचं रुग्णालय नव्हे) नावाची बारा कलमी मोजपट्टी आहे, तिच्यात चेहरा, ओठ, जबडा, जीभ, हात, पाय, धड यांना 0 ते 4 गुण देतात. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, यंत्र लागत नाही. ही औषधं चालू असलेल्या माणसाची अशी तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायला हवी, आणि वय जास्त असेल किंवा इतर धोके असतील तर दर सहा महिन्यांनी. आईच्या बाबतीत वय, स्त्री असणं आणि मधुमेह, तिन्ही धोके आहेत. आकडा केस पेपरवर लिहून मागा. उद्या औषध बदललं तर फरक पडला की नाही हे त्याच आकड्यावर ठरतं.

दाखवायचं कुठे? जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. चाळीसगावहून धुळं जवळ पडतं. प्रवास लगेच जमत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या मोफत नंबरवर मराठीतून बोलता येतं, मात्र औषध बदलायचं असेल तर समोरासमोर तपासणीच हवी. तिथे साधारण असे मार्ग निघतात. रिस्पेरिडोन हळूहळू कमी करून क्वेटियापिनसारख्या कमी अडवणाऱ्या औषधावर नेणं. ट्रायहेक्सिफेनिडिल काही आठवड्यांत उतरवत बंद करणं, कारण ती अंगाच्या ताठरपणावर चालते, पण या हालचालीवर चालत नाही, उलट ती वाढवते. वर तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, विसराळूपणा हे तिचे वेगळे ताप. हालचाल जास्त त्रास देत असेल तर टेट्राबेनाझिन लहान डोसनं चढवत जातात. त्यानं मन खचू शकतं, म्हणून घरच्यांनी पहिले काही आठवडे आईच्या बोलण्याकडे नीट लक्ष द्यायचं. क्लोझापिनचा मार्गही आहे, पण त्यावर पांढऱ्या पेशी धोकादायक घसरू शकतात. सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, आणि बद्धकोष्ठाकडेही दुर्लक्ष चालत नाही. तितक्या फेऱ्या तुमच्याकडून होणार असतील तरच हो म्हणा. (घरात कोणी बिडी ओढणारा या गोळीवर असेल तर त्यानं बिडी एकदम सोडली की क्लोझापिन आणि ओलान्झापिनची रक्तातली पातळी वर जाते. सोडावी, पण डॉक्टरांना सांगून.)

पूर्ण बरं होईल का? काहींची हालचाल महिन्यांत जाते, काहींची निम्मी राहते, काहींची जात नाही. जितकी लवकर पकडली तितकी आशा जास्त, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येतं. तोवर जेवताना सरळ बसवा. कळण्याची भाकरी दुधात किंवा वरणात भिजवून द्या, घास लहान ठेवा. जीभ बेभान असेल तर ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं, आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

शुगरबद्दल. या गोळ्यांनी वजन, साखर, चरबी वाढते. सगळ्यात जास्त ओलान्झापिन आणि क्लोझापिननं, रिस्पेरिडोननं मध्यम. शुगर फक्त गोळीमुळे झाली असं म्हणता येणार नाही, 58 व्या वर्षी ती तशीही होते. पण नियम असा, की गोळी सुरू करताना वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी साखर, लिपिड मोजायचं, वजन पुन्हा चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला आणि मग दर तीन महिन्यांनी, साखर आणि बीपी बाराव्या आठवड्याला आणि पुढे दरवर्षी. जुन्या फाईलमध्ये यातलं काही आहे का ते शोधा. हा मुद्दा खाली कायद्यात पुन्हा लागेल. रिस्पेरिडोननं प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरकही वाढतं. तरुण मुलींची पाळी थांबते, छातीतून दूध येतं, मुलांची छाती वाढते. हे ऐकून तुमच्या ओळखीत कोणी आठवलं तर त्यांना सांगा, लाजेपोटी कोणी बोलत नाही.

लग्नाला न्या. तिची जीभ हलते म्हणून तिला घरात कोंडायचं कारण नाही, आणि बायांना 'औषधानं होतं' एवढं उत्तर पुरे. बाहेरचं काही आहे असं म्हणणारा कोणी निघालाच तर त्याला जेवण वाढा आणि विषय बदला. मात्र मे महिना आणि खान्देश ही जोडी गंभीरपणे घ्या. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो. रिस्पेरिडोन शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा मंदावते, ट्रायहेक्सिफेनिडिल घाम आटवते. मांडवात दुपारी बारा ते चार आईला बसवू नका, पाणी तहान लागण्याची वाट न बघता द्या, डोक्यावर ओला रुमाल ठेवा. अंग तापलं, त्वचा कोरडी आणि बोलणं विसंगत झालं तर ऊन लागलंय. ताप, अंग लाकडासारखं ताठ, घामाच्या धारा आणि शुद्ध हरपत जाणं एकत्र दिसलं तर तो या औषधांचाच दुर्मिळ पण जीवघेणा प्रकार, न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम, असू शकतो. दोन्हीत 108 बोलवा, गोळीचा पुढचा डोस देऊ नका, आणि सगळ्या स्ट्रिपा बरोबर न्या. 'गोळी एकदम थांबवू नका' या आमच्या सांगण्याला हा एवढाच अपवाद.

आता चुलतभावाचा प्रश्न. अमेरिकेतल्या गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्यांचा अर्थ तो काढतो तसा नाही. रिस्पेरिडोन मूळ बाजारात आणणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सननं 2013 मध्ये 2.2 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम भरायचं कबूल केलं, ते रिस्पेरिडोनसह काही औषधं मंजूर नसलेल्या वापरासाठी खपवल्याच्या आरोपांवर. तो मुख्यतः तिथल्या सरकारांशी झालेला समझोता होता. छाती वाढलेल्या मुलांचे खटले वेगळे. त्यांतल्या एकात फिलाडेल्फियाच्या ज्युरीनं 2019 मध्ये 8 अब्ज डॉलर दंड ठोठावला, आणि जानेवारी 2020 मध्ये न्यायाधीशांनी तो 68 लाख डॉलरवर आणला. व्हॉट्सॲपवर पहिला आकडा फिरतो, दुसरा फिरत नाही.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीचं प्रकरण आहे. पण त्याच कायद्याचं कलम 87 सांगतं, की जी वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायची असते आणि जिच्याबद्दलची सूचना उत्पादकानं त्या तज्ज्ञांपर्यंत वाजवी रीतीनं पोचवलेली असते, तिथे 'सूचना दिली नाही' या कारणावर उत्पादक जबाबदार नाही. रिस्पेरिडोनच्या माहितीपत्रकात टार्डिव्ह डिस्कायनेशिया छापलेला असतो. शिवाय आईच्या स्ट्रिपवरचं कंपनीचं नाव वाचा. बहुधा ती वेगळीच, भारतीय कंपनी निघेल. कंपनीवर केस करण्यात पैसा घालू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांवर? दुष्परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कोर्ट धरत नाही. योग्य डोस, योग्य आजार, आणि तरीही हालचाल सुरू झाली, तर तो औषधाचा स्वभाव. दोष ठरतो तो न सांगण्याचा, न तपासण्याचा आणि दिसल्यावर काही न करण्याचा. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सांगितलं, की रुग्णाची संमती खरी असायला पुरेशी माहिती दिलेली असली पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 चं कलम 22 याहून थेट आहे: प्रस्तावित उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत कळवायचे. हा कायदा लागू झाला 2018 मध्ये, त्यामुळे भरतीची तारीख त्याच्या आधीची आहे की नंतरची ते बघा.

या फूटपट्टीवर तुमचं प्रकरण ठेवू. मानसोपचार डॉक्टरांकडे तुम्ही तीन वर्षं गेलात. त्या काळात हालचाल नव्हती. तेव्हा साखर-वजन तपासलं नसेल, दुष्परिणाम सांगितले नसतील, तर तो मुद्दा आहे, पण चार वर्षं तुम्ही फिरकलाच नाहीत हा त्यांचा बचाव भक्कम आहे. मेडिकलवाल्यानं परिशिष्ट एचमधलं (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीतलं) औषध चार वर्षं जुन्या चिठ्ठीवर विकलं. हा नियमभंग आहे, त्याची लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. पण ती चिठ्ठी दुकानात तुम्हीच नेलीत, आणि समोरचा वकील हे पहिल्या दिवशी बोलणार. सगळ्यात वजनदार प्रश्न गावातल्या डॉक्टरांना आहे: आईच्या चालू गोळ्या विचारल्या होत्या का? विचारल्या असतील आणि तरी लेव्होसल्पिराइड दिलं असेल, किंवा हालचाल दाखवल्यावरही चालू ठेवलं असेल, तर तिथे निष्काळजीपणाची मांडणी उभी राहते. तुम्हीच चालू गोळ्या सांगितल्या नसतील तर ती लंगडी होते. वकिलाला भेटण्याआधी याचं खरं उत्तर घरात बसून काढा.

कागद आतापासून गोळा करा, केस करा वा करू नका, नव्या डॉक्टरांनाही तेच लागणार आहेत. खासगी रुग्णालयाला साध्या कागदावर अर्ज करा: रुग्णाचं नाव, भरतीच्या तारखा, 'केस पेपर, औषधांची नोंद, डिस्चार्ज कार्ड, संमतीपत्र, तपासण्यांच्या प्रती मिळाव्यात'. एका प्रतीवर शिक्का-सही घ्या, घेत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवून पोच जपा. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या विनियमांनुसार मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यायचे असतात. अडचण अशी, की त्याच विनियमांत नोंदी ठेवण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं आहे. सात वर्षांपूर्वीचं 'नष्ट केलं' म्हणतील. म्हणू द्या, पण लेखी म्हणू द्या. गावातल्या डॉक्टरांची कॅप्सूल वर्षभरापूर्वीची, ती चिठ्ठी आणि तिची बिलं जास्त मोलाची. रिकाम्या स्ट्रिपाही टाकू नका. औषधाचं नाव, बॅच नंबर आणि तारीख त्यावरच असते.

अर्जावर सही आईची हवी. मानसिक आजार आहे म्हणून माणूस सही करायला अपात्र ठरत नाही. 2017 च्या कायद्यात कलम 4 नुसार तिला माहिती कळते, परिणाम कळतात आणि निर्णय सांगता येतो का, एवढंच बघायचं. ती शेतात जाते, घर सांभाळते, मग केस करायची की नाही हे आधी तिला विचारा. तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आहेत, तिचं नाही. मानसिक उपचारांच्या बाबतीत ती कलम 14 प्रमाणे तुम्हाला नामनिर्देशित प्रतिनिधी (तिच्या वतीनं बोलणारा) करू शकते. साध्या कागदावर तसं लिहायचं, खाली तिची सही किंवा अंगठा, बस्स.

जागा कोणती? भरपाई हवी असेल तर जळगावचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. डॉक्टर दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तक्रारदार राहतो तिथे दावा करता येतो. भरलेली फी आणि बिलं पाच लाखांच्या आत असतील तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. ती दोष कळल्याच्या दिवसापासून धरावी असं मांडता येतं, पण त्या भरवशावर राहू नका, दिवाळीपासून मोजा. पूर्णपणे मोफत सरकारी उपचार मात्र ग्राहक कायद्यात येत नाहीत, हे 1995 पासून ठरलेलं आहे. डॉक्टरांच्या वागणुकीची तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते. तिथे ताकीद मिळते, नोंदणी स्थगित होऊ शकते, पैसे मिळत नाहीत. नऊ दिवसांच्या भरतीतल्या सेवेबद्दल कलम 28 खाली आधी रुग्णालयाच्या प्रमुखाकडे, नंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं. आपला जिल्हा कोणत्या मंडळाखाली ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा. नुसत्या ओपीडी दवाखान्याला हा मार्ग लागू होत नाही. फौजदारी तक्रारीच्या नादी लागू नका. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच घोर निष्काळजीपणा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागेल असं ठरवून दिलं आहे, आणि तुमचं प्रकरण त्या उंचीचं नाही.

एक काम मात्र कोणावर बोट न दाखवता करता येतं. 1800-180-3024 हा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा मोफत राष्ट्रीय नंबर आहे. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीत मिळतो. रिस्पेरिडोन आणि, स्ट्रिपवर असेल तर, लेव्होसल्पिराइड, दोन्ही लिहा, सुरू झाल्याच्या आणि हालचाल दिसल्याच्या तारखांसह. यातून भरपाई मिळत नाही, पण पोटाच्या औषधानं असं होतं ही नोंद वर जाते, आणि ती जाण्याची गरज आहे.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर ती सोडा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. चाळीसगावच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, किंवा 15100 लावा. जाताना आईला बरोबर न्या, आधार कार्ड, केस पेपर, गॅसच्या कॅप्सूलची चिठ्ठी आणि स्ट्रिप, मेडिकलची बिलं, आणि नव्या डॉक्टरांनी निदान लिहिलेला कागद. तो शेवटचा कागद हातात नसेल तर समितीकडे जाण्याआधी धुळ्याची फेरी करा. निदान लेखी नसताना कोणताही वकील तुम्हाला अंदाजच सांगेल.